मामाच्या स्टुडिओतले जुने रोलचे कॅमेरे, किंमत नेमकी ठरते कशावर?

पावसातला_खानापुरी

नमस्कार मंडळी, वाचतो रोज पण लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मामाचा नंदगडात फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले, पासपोर्ट फोटो सोडले तर गिऱ्हाईक येईना, मग बारा-तेरा वर्षांमागं शटर ओढलं आणि सगळं सामान घरच्या माडीवर कपाटात कोंबलं. आता कौलं उतरवून स्लॅब टाकायचं चाललंय म्हणून माडी मोकळी करायला मला बोलावलेलं. कपाटात निघालं ते असं, एक यशिका मॅट १२४ जी (एकाखाली एक दोन भिंगांचा) चामडी केससकट, एक झेनिट ई, एक अग्फा क्लिक थ्री, एक बारका कोडॅक ब्राउनी १२७, एक हॉटशॉट, आणि तो जुना लाकडी भात्याचा, डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढायचे तो, त्याचा स्टँड मोडलाय.

नेमका त्याच दिवशी गावात जुनं सामान घेणारा एकजण फिरत होता, तो माडीवर येऊन बघून गेला आणि म्हणाला सगळ्याचे मिळून अडीच हजार, आत्ता रोख. मामा म्हणतोय देऊन टाक, अजून एक पावसाळा गेला तर तेवढेही कोण देणार नाही. मी अडवलं कारण आदल्याच रात्री एक व्हिडिओ बघितलेला, घरात जुना कॅमेरा असेल तर तुम्ही लखपती वगैरे. मग नेटवर शोधलं तर डोकंच फिरलं, हाच यशिका एकजण ८ हजाराला विकायलाय आणि दुसरा ३५ हजाराला, फोटोत दोन्ही सेम दिसतात. मग किंमत ठरते कशावर? वय बघतात, कंपनी बघतात, का विकणाऱ्याचं तोंड बघतात? मला यातलं शून्य कळतं, मोबाईलचा पोर्ट्रेट मोड एवढीच आपली फोटोग्राफी.

गोवावेस_टाईमपास

कपाट अजून एकदा नीट बघ भावा, ट्रॅक्टरवाली ५ ची नोट पण असेल कोपऱ्यात, ती विकून स्लॅबवर अजून दोन मजले चढव.

टिळकवाडी_क्लिक

वरच्याचं मनावर घेऊ नको, पण त्या व्हिडिओचंही घेऊ नको. कोटीचे कॅमेरे असतात, खोटं नाही. २०२२ ला जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात एक लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. पण तो लायकाच्या झीरो सिरीजचा, १९२३ च्या सुमाराचा, आणि लायका ज्यानं जन्माला घातला त्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा वापरातला. तुझ्या मामाचा हॉटशॉट बार्नाकनं वापरलेला नाही, त्यामुळं तो विषय संपला.

जुनं म्हणजे महाग, हे आधी डोक्यातून काढ. तुझ्या यादीत ब्राउनी आणि तो लाकडी हे म्हातारे, यशिका त्यांच्यापुढं तरणा, १९७० ते ८६ पर्यंत निघायचा. पण ब्राउनीला १२७ नंबरचा रोल लागतो आणि तो कोडॅकनं नव्वदीतच बंद केला, यशिकाला १२० चा लागतो आणि तो आजही नवाकोरा मिळतो. घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो, ह्यात आज रोल घातला तर फोटो निघेल का? निघत असेल तर ते हत्यार, नसेल तर काचेच्या कपाटातली शोभा, आणि शोभेला कोण किती देणार. अग्फा क्लिक थ्रीला पण १२० च लागतो, आणि तो आपल्याकडं बडोद्याला बनायचा, पण इतके बनले की घरटी एक निघतो. उन्हात उभं करून खटका दाबायचा एवढंच त्याचं काम. त्यामुळं रोल मिळतो तरी भाव नाही. म्हणजे बघ, नुसता रोल मिळून पण भागत नाही, तो किती लोकांकडं पडलाय आणि त्यातनं फोटो कसा येतो हे पण आलं.

आता झेनिट. रशियानं हे लाखोंनी काढले, बॉडीला कोण विचारत नाही, वजनाला वीट आणि शटरचा आवाज दार आपटल्यासारखा. पण त्याच्या तोंडावर हेलिऑस ४४-२, ५८ एमएमची लेन्स आहे का बघ. ती असेल तर तुझ्या झेनिटचं नवरदेव सोडून करवलीला मागणी असं आहे. त्या लेन्सनं मागची झाडंझुडपं गरगर फिरल्यासारखी येतात, आणि आताची पोरं एक एम ४२ ची (म्हणजे झेनिटच्या आट्याची) रिंग लावून ती सोनी-फुजीवर चढवतात.

हे लेन्सचं गणित मी स्वतः अनुभवलंय म्हणून सांगतो. कॅननची जुनी एफडी लेन्स, १९८७ ला कॅनननं अख्खं माऊंटच, म्हणजे लेन्स बसवायचं तोंडच, बदललं आणि एफडीवाले रस्त्यावर आले. नव्या कॅननवर ती बसवायची तर मधे काचेची रिंग लागायची, नाहीतर लांबचं फोकसच होत नव्हतं. मी २००८ ला शहापुरात एकाकडून ५० एमएम १.४ पाचशे रुपयाला घेतली तेव्हा मित्र म्हणाले पेपरवेट घेतलंस. पुढं मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले डिजिटल, आले, त्यांचं सेन्सर माऊंटच्या एवढं जवळ की जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स साध्या रिंगवर बसते, आणि त्याच पेपरवेटला लोक हजारात मागायला लागले. लेन्स तीच, तिच्यात काडीचा फरक पडलेला नाही, बदल झाला जपानात कुठल्यातरी दुसऱ्याच कारखान्यात.

आणि नाव. तुझ्या मॅटमधला तो शेवटचा 'जी' आहे ना, तो उजेड मोजायच्या मीटरच्या आतल्या कॉन्टॅक्टला सोन्याचा मुलामा दिला म्हणून. त्याच्या आधीचा नुसता १२४, त्यात पण हीच यशिनॉन ८० एमएम ३.५. निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवल्या तर मला ओळखता येणार नाहीत, तुलाही नाहीत. पण 'जी' ला जास्त पडतात, शेवटचं मॉडेल म्हणून, काळा दिसतो म्हणून, आणि सगळे तेच नाव शोधतात म्हणून.

आता ८ हजार आणि ३५ हजार. मागितलेली किंमत आणि विकलेली किंमत ह्यात जमीन-अस्मान असतं. ईबेवर 'सोल्ड' चा फिल्टर लाव, खरोखर काय गेलं ते तिथं दिसतं, ३५ वाला तीन वर्षं झाली तिथंच बसलेला असेल. त्या अडीच हजारवाल्याला मात्र काही देऊ नको, निदान टॉर्च मारून भिंग बघेपर्यंत. मोबाईलची टॉर्च लेन्सच्या मागनं तिरकी मार आणि पुढनं बघ, काय दिसतं ते इथं लिही. लाकडीवर कुठं पितळी पट्टी असेल तर तिच्यावरचं नाव पण वाच.

निपाणीचा_नाना

वरती टिळकवाडीच्या अण्णांनी सांगितलं ते बरोबरच हाय, पण मी ३४ वर्षं लग्नं काढलीत म्हणून माझं पण ऐक लेका. रोल, कंपनी, नाव सगळं खरं, पण आपल्या भागात भाव खातो तो पाऊस. तुझं नंदगड म्हणजे खानापूरचं रान, तिथं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतोय. भिंगाच्या आत बुरशी धरती, कोळ्याच्या जाळ्यावानी, फंगस म्हणत्यात ती. थोडी असली तर फोटोत दिसत पण न्हाई, पण घेणाऱ्याला दिसती आणि तिथंच भाव निम्म्यावर येतोय. आणि लई वर्षं राहिली तर काचेवरचा कोटिंगच खाती, मग पुसून पण डाग जात न्हाई. अथणी-विजापूर साईडचा कॅमेरा आणि खानापूर-लोंढ्याचा कॅमेरा, एकाच वर्षी एकाच दुकानातनं घेतलेला, आज बघशील तर एक भाऊ पैलवान आणि एक दम्याचा.

आमी काय करायचो, लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ४० चा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचो, कॅमेरे वरच्या कप्प्यात. लाईट बिलावरनं घरात भांडणं व्हायची पण एका पण भिंगाला बुरशी न्हाई लागली. तुझ्या मामानं बल्ब ठेवलेला का इचार. आणि एक चूक सगळे करत्यात, चामड्याच्या केसमधे घालून ठेवत्यात, वाटतं राखून ठेवलंय. चामडं पाणी धरतं, बुरशीला अंथरूण-पांघरूण दोन्ही मिळतं. केस पायजे, केससकट चार पैसे जास्त येत्यात, पण कॅमेरा भाईर आणि केस शेजारी, असं ठेव.

दुसरं म्हणजे खंडेनवमी. हसू नको, स्टुडिओवाल्याचा कॅमेरा लांबनं ओळखतो मी, दर वर्षी हळद-कुंकवाची बोटं लागलेली असत्यात. तीस वर्षांचं कुंकू खाचेत जाऊन बसतं, शटरच्या कडेला, स्क्रूच्या डोक्यात. मुंबईच्या एका घेणाऱ्यानं माझ्या रोलिकॉर्डचं पाचशे त्याच्यावरनं कापलं, बोलला 'रेड स्टेन'. मी म्हटलं साहेब, हा स्टेन न्हाई, हिच्या जीवावर तीन पोरींची लग्नं केलीत.

एक सांगतो, स्वतः काय पुसायला जाऊ नको. मी ८७ साली नवीन होतो, मॅटच्या आतला आरसा धुरकट दिसला म्हणून धोतराच्या चिंधीनं चांगला घासला. त्या आरशाचा पारा वरच्या अंगाला असतोय, घरच्या आरशासारखा काचेच्या मागं नसतोय. चिंधीवर आला सगळा. उस्तादनं अशी शिवी दिली की इथं लिहिता येत न्हाई.

शटर कानानं तपास. १ सेकंदावर लाव, खटका दाब, मनात 'एक हजार एक' म्हण, तेवढ्यात बंद व्हायला पायजे. बंद व्हायला रडत असलं तर आतलं तेल सुकलंय, सर्व्हिस पायजे. आणि मॅटच्या लेन्सशेजारी एक खटका हाय, त्याच्यावर इंग्रजी व्ही असतोय, सेल्फ टायमरचा. त्याला हात लावू नको. जुन्या शटरात तिथंच अडकतं, आणि अडकलं की कॅमेरा मेला.

पावसातला_खानापुरी

नाना, अण्णा, खूप खूप आभार, रविवारी परत नंदगडला जाऊन आलो. रिपोर्ट देतो.

यशिका: वरच्या भिंगात जाळं आहे, नाना म्हणाले अगदी तसंच, कडेनं आत सरकत आलेलं. खालचं भिंग मला तर स्वच्छ दिसलं, दोन-तीन धुळीचे कण. १/५०० पासून १/३० पर्यंत खटखट चालतंय, १ सेकंदावर ठेवलं तर उघडलं आणि मी 'एक हजार चार' पर्यंत आलो मग मिटलं. बॅटरीचं झाकण उघडलं तर आत सेल होता, हिरवं-पांढरं फुटलेलं सगळं. व्ही ला हात लावला नाही. कुंकू आहे, भरपूर आहे.

झेनिट: लेन्स हेलिऑस ४४-२ च आहे. वरच्या काचेच्या खिडकीत काटा आहे तो उजेडाकडं धरला की हलतोय. आणि यशिकाचं मागचं दार उघडलं तर कडेचा स्पंज की काय तो काकवीसारखा बोटाला चिकटला, अजून नखातनं गेलेला नाही. 

लाकडीवर पितळी पट्टी आहे, चिंच लावून घासली तर अक्षरं आली. वागीश्वरी असं वाचलं मी, आणि खाली आलेप्पी. हे काय देवीचं नाव का कंपनीचं?

मामाला बल्बचं विचारलं तर म्हणाला दुकानात होता, घरी आल्यावर कोण लावतंय.

टिळकवाडी_क्लिक

थांब थांब थांब. चिंच लावलीस तेवढी लावलीस, आता तिला अजून चकाचक करू नको, हात जोडतो. वागीश्वरी म्हणजे केरळातल्या आलप्पुळचा कॅमेरा, के. करुणाकरन नावाच्या माणसानं चाळीसच्या दशकात बनवायला घेतला, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरातला माणूस. सागवानी लाकूड, पितळी कामं, आणि एक काळ असा होता की देशभरच्या स्टुडिओत हाच उभा असायचा. ते भिंग कुठलं आहे त्याच्या रिंगवर वाचून सांग, आणि भात्याला टॉर्च आतनं लावून अंधारात बघ किती चांदण्या, म्हणजे भोकं, दिसतात. स्टँड मोडला तरी चालेल, पट्टी आणि भाता महत्त्वाचा. विकायचा असेल तर पहिला फोन मला कर, हे मी सरळ सांगतोय.

शहापूरची_फिल्मवाली

अण्णा, वरती तुम्हीच म्हणालात ना की ज्यात रोल घालता येत नाही त्याला भाव नाही, मग ह्या लाकडीला बघून एवढी धावपळ का? हाहा. हेच तर आहे, नियम सगळे बरोबर असतात तोपर्यंत जोपर्यंत एखाद्याला ती वस्तू हवीच असते. तसा एक घेणारा माणूस भेटला की झालं, पण तो माणूस भेटायला पाहिजे.

खानापुरी भाऊ, मी वापरण्यासाठी घेते आणि वापरून विकते पण, त्यामुळं माझं बघणं जरा वेगळं आहे. तुमच्या यशिकाचा रिपोर्ट माझ्या दृष्टीनं चांगला आहे. वरचं भिंग नुसतं बघायचं, फोटो खालच्या भिंगातनं निघतो, त्यामुळं वरच्या जाळ्यानं फोटोचं काही बिघडत नाही, पण जाहिरातीत 'फंगस' शब्द लिहावा लागतो आणि तो शब्द वाचला की निम्मे लोक पुढं सरकतात. लपवू मात्र नका. मला एकदा एकानं ऑनलाईन 'मिंट कंडिशन' म्हणून एसएलआर पाठवला, फोटोत चकचकीत, घरी येऊन डोळा लावला तर प्रिझमच्या, म्हणजे बघायच्या काचेच्या, आत काळी नदी वाहतेय, आणि फोन लावला तर म्हणे आम्ही अनटेस्टेड लिहिलेलं. तेव्हापासून मला 'अनटेस्टेड' चा एकच अर्थ कळतो, टेस्ट केलाय आणि चालत नाही.

हळू स्पीड अडकतात ते मोठं दुखणं नाही, लीफ म्हणजे पाकळ्यांच्या शटरचं जुनं तेल घट्ट होतं. पण मोठं नाही म्हणजे फुकट पण नाही. आपल्या बेळगावात हे उघडणारं आता कोण राहिलंय मला तरी माहीत नाही, मुंबई किंवा बेंगळुरूला पाठवावं लागतं, दोन्हीकडचं कुरियर, मजुरी, आणि महिनाभर वाट. घेणारा तेवढं आधीच मनात वजा करतो आणि वर अजून हजार वजा करतो कारण त्याला त्रास आहे. म्हणून माझं मत, आधी सर्व्हिस करून घ्या, मग एक रोल मारा, आणि त्या रोलचे फोटो जाहिरातीत टाका. 'ह्या कॅमेऱ्यातनं काढलेले १२ फोटो' असं लिहिलं की बाकी काही सांगावं लागत नाही.

बॅटरीचं ऐकून घाबरू नका. त्याला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो पर्यावरणासाठी बंद झाला. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ चा असतो, तो रिंगमधे बसवून लोक चालवतात. पण आधी ते हिरवं कापसाला व्हिनेगर लावून हळू काढा. आणि नाही चालला मीटर तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही, शटर पूर्ण मेकॅनिकल आहे, मोबाईलवर मीटरचं ॲप टाकायचं. हाच फरक कॅनन एई-वन सारख्यात पडतो, त्यात बॅटरी नाही तर शटर हलत पण नाही. छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे तर अजून विचित्र, ऑलिम्पस म्यू-टू, कॉन्टॅक्स टी-टू, पोरं इन्स्टावर बघून वेड्यासारखे पैसे देतात आणि आतलं सर्किट उडालं की दुरुस्तच होत नाही. कॉन्टॅक्सला मी हात पण लावत नाही, घेतला तर रात्री झोप येणार नाही.

झेनिटचा काटा हलतोय म्हणजे त्याच्या मीटरचा, उजेडावर चालणारा सेलेनियमचा सेल जिवंत आहे, तो कपाटात अंधारात राहिला म्हणून वाचला असेल. म्हणजे मामांच्या कपाटानं इथं उपकार केले. त्याचा काटा हलतानाचा पाच सेकंदाचा व्हिडिओ काढून ठेवा, विकताना कामाला येतो. यशिकाच्या दाराचा स्पंज नवीन लावता येतो, क्राफ्टच्या दुकानातला काळा फोम चालतो, त्याला घाबरू नका.

टिळकवाडी_क्लिक

ताई, सर्व्हिसबद्दल मी पूर्ण असहमत. तुम्ही स्वतः वापरता म्हणून तुम्हाला जमतं, ह्या पोराला माणूस कोण, किती घेणार, खरोखर उघडला का नुसतं पेट्रोल मारून परत दिला, काही कळणार नाही. चार हजार घालून किंमत तीन हजारानं वाढली असं मी किती वेळा बघितलंय. आणि उघडलेला कॅमेरा जुने कॅमेरे जमवणाऱ्या कलेक्टरला नको असतो, स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसल्या की संशय येतो. जसा आहे तसा, सगळं खरं लिहून, नीट उजेडात दहा फोटो काढून विकावा. आतापर्यंतचं बघता १० ते १२ च्या घरात मला तो यशिका वाटतो, सर्व्हिस झालेला असता तर ताई म्हणतात तसा जास्त.

लाकडीचं मी तुम्हाला उत्तर देणार नाही, पकडलंत मला.

शहापूरची_फिल्मवाली

कलेक्टर किती आणि वापरणारे किती अण्णा? आता जे १२० चा एक रोल हजाराला घेऊन, वर धुणं-स्कॅनिंगचे वेगळे देऊन १२ फोटो काढतात त्यांना स्क्रूची खाच दिसत नाही, त्यांना १ सेकंद १ सेकंदच पाहिजे. यशिका वापरणाऱ्याचा कॅमेरा आहे, रोलीफ्लेक्स २.८ एफ असता तर तुमचं ऐकलं असतं.

हो आणि कुठं विकता त्यावर पण आहे. कोल्हापूरला दाखवाल तर पारख चांगली, घासाघीस पण तशीच, चहा पाजतील आणि दीड तास भाव पाडतील. बेंगळुरूची आयटीची पोरं विचारतात कमी आणि देतात जास्त, पण त्यांना खोक्यात कसं भरलं ह्याचा पण फोटो लागतो.

निपाणीचा_नाना

दोघं भांडताय ते बरोबर हाय पण पोराचं राहिलं बाजूला. लेका, मॅटचं मागचं दार उघडून बघ, वरच्या बाजूला रिकामी फिरकी हाय का, प्लास्टिकची नायतर लोखंडाची. १२० च्या रोलला ती लागतीच, भरलेला रोल त्या रिकाम्या फिरकीवर गुंडाळत जातोय, आणि रोल संपला की जुनी रिकामी होती ती पुढच्याला. ती नसली तर घेणारा घरी जाऊन रोल भरायला बसंल आणि तिथंच अडकंल, मग तुला शिव्या घालंल. भंगारवाले पयली तीच टाकून देत्यात.

आणि मामाला इचार तो कॅमेरा कुठनं घेतलेला. आमच्या वेळी बाहेरच्या मालावर लई बंधनं, ड्युटी लई, बहुतेक मॅट गोव्याच्या तारवटींकडनं यायच्या, बोटीवरची लोकं सुट्टीला येताना आणायची, वास्कोत, मडगावात मिळायच्या. पावती नसायची, खोकं पण फेकून दिलेलं असायचं. मामाकडं खोकं किंवा माहितीचं पुस्तक असंल तर त्याचं वेगळं चारशे-पाचशे सहज येत्यात. 

पावसातला_खानापुरी

फिरकी आहे नाना, लोखंडी आहे, थोडी गंजलेली. पुस्तक पण सापडलं, मामीनं त्यात किराणाचा हिशोब लिहिलाय १९९१ सालचा, ते चालतं का?

मामाला सगळं वाचून दाखवलं. अगदी बरोबर, १९८३ ला मडगावच्या एका तारवट्याकडनं २२०० ला घेतलेला म्हणाला, त्यासाठी एक म्हैस विकलेली. इतके दिवस हे कधी बोललाच नव्हता. मग चष्मा लावून स्वतःच कॅमेरा हातात घेतला, हुड उघडलं, हँडल फिरवलं, आणि माझा एक फोटो घेतल्यासारखं केलं, आत रोल नसताना. मग म्हणाला ही मान जरा डावीकडं.

काल तो अडीच हजारवाला परत आलेला. मी काही बोलायच्या आत मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसला आणि हेच कॅमेरे ज्यांना परवापर्यंत अडगळ म्हणत होता त्यांचे भाव सांगायला लागला. मॅटचे पंधरा, वागीश्वरीचं बोलायचंच नाही ते बेळगावचे एकजण येणार आहेत बघायला (अण्णा, म्हणजे तुम्ही, शनिवारी या), आणि झेनिट पाहिजे तर घेऊन जा पण भिंग इथंच राहणार. तो माणूस म्हणाला अहो भिंगाशिवाय कॅमेरा काय करू. मामा म्हणाला तेच तर.

शेवटी तो हॉटशॉट आणि ब्राउनी तीनशेला घेऊन गेला. ताई, तो ६७५ चा सेल बेळगावात कुठं मिळेल, साध्या मेडिकलमधे विचारू का कानाच्या मशीनवाल्याकडंच जावं लागेल?

शहापूरची_फिल्मवाली

मशीनवाल्याकडं जा, सहाचं पाकीट मिळतं. वापरेपर्यंत सेलवरचं स्टिकर काढू नका, काढलं की हवा लागून सुरू होतो आणि मग तो थांबत नाही. रोल मी आणते, मामांना म्हणावं मान डावीकडं वगैरे सगळं तयार ठेवा.